मार्गदर्शन व्हावे

२२ जुलै, मंगळवार

लखनचा फोन सकाळीच. चहाचा कप हातात होता, तसाच राहिला. तांड्यात ओकाऱ्या अन् हगवण! आधी धावजी नायकाच्या घरचे, मग पलीकडची ओळ. "दादा, विहिरीचंच हाय. नाल्याचा पूर आत उतरला तवापासून पाण्याले वास येऊन राह्यला." माझा हा धाकटा भाऊ घाबरट आहे, पण असल्या बाबतीत खोटं बोलणार नाही.

आमच्या तांड्यात पाण्याच्या दोनच जागा. एक ही विहीर, नाल्याच्या काठाला. दुसरी हापशी — तिच्यात फ्लोराइड, म्हणून तिला लाल रंग फासून ठेवलाय. विहीर बंद करायची तर टँकर लागणार. टँकरला तहसीलदारांची सही लागणार. आणि तहसीलमध्ये टंचाईचा टेबल कोणाचा? माझा! म्हटलं, इतकी वर्षं कारकुनी केली, एकदा तरी आपल्या तांड्याच्या कामी येऊ दे.

साहेब नवे आहेत. थेट परीक्षा देऊन आलेले, पहिलंच पोस्टिंग. ऐकल्याबरोबर म्हणाले, "आणा कागद, करतो सही." पेनचं टोपण काढलंसुद्धा! मीच थांबवलं. म्हटलं, सर, टंचाईचा काळ तीस जूनला संपला. आता टँकर लावला की उद्या ऑडिटवाला आक्षेपाचा परिच्छेद काढतो अन् वसुली आपल्या पगारातून. शिवाय तांडा माझा — लोक म्हणतील राठोडनं सरकारी टँकर घरी नेला. जिल्ह्याचं एका ओळीचं मार्गदर्शन मागवू. दोन दिवसांत येतं. मग बिनधास्त करा.

साहेब म्हणाले, "तुम्ही जुने आहात. तुम्हाला कळतं."

पत्र असं लिहिलं की कोणाला बोट ठेवायला जागा नाही. पार्श्वभूमी, संदर्भ, सगळं. शेवटी नेहमीप्रमाणे — तरी याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. दुपारच्या आत ईमेल गेला, मागोमाग टपालही हातोहात पाठवलं. बरं वाटलं.

२३ जुलै, बुधवार

अर्धी रजा टाकून तांड्यावर गेलो. समाजमंदिरात सतरंज्यांवर माणसं आडवी, खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या. आरोग्य केंद्राच्या डॉ. प्रेरणा एकट्याच पळताहेत. पोरगी कामाची आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, मी सलाइन लावते. हे बरे होऊन घरी जातात आणि पुन्हा तेच पाणी पितात. विहीर बंद करा, बाकी मला काही नको." म्हटलं, दोन दिवस द्या.

खरं तर याडीला, म्हणजे आईला, घरी आणायला गेलो होतो. ती ओसरीत पोरींना जमवून तीजेची गाणी शिकवत बसलेली. राखीला तीज पेरायची — टोपल्यांत गहू, अन् रोज पोरींनी गात गात विहिरीचं पाणी आणून घालायचं. सगळी गाणी पाठ असलेली तांड्यात आता ती एकटीच. म्हटलं, चल माझ्याकडे, साथ जाईपर्यंत राहा.

"अन् तीज कोण पेरंल? तुया तहसीलदार?"

पोरी खिदळल्या. बा विडी ओढत होता, तोही हसला. निदान उकळून तरी पी म्हटलं, तर म्हणे उकळलेल्या पाण्यानं तहान जात नाही. पाण्याच्या दोन कॅन गाडीवर बांधून नेल्या होत्या, त्या ठेवून आलो. संध्याकाळी लखन सांगतो, तिनं त्या समाजमंदिरात पाठवून दिल्या. "कांयी छेनी, काई होत नाई, बेटा. सारा तांडा जे पेते थेच मी पेईन." हट्टी! आयुष्यभर हट्टी. वर्षा — माझी बायको — म्हणते, तुम्ही कोणावर गेलात ते कळलं.

येताना नायकाला गाठलं. म्हटलं, धावजीकाका, तोवर तुमीच विहीर बंद करा. तुमचा शब्द तांडा मोडत नाही. तो डोकं खाजवत राहिला. "कागद आण बाबू. कचेरीचा कागद असंल तं आत्ता बंद करतो. बिनाकागदाची बंद केली तं बाया मले जिता ठेवतीन काय?" घ्या! मला वाटत होतं कागद मागायचा रोग आमच्याच कचेरीत आहे. म्हटलं, आणतो दोन दिवसांत.

२५ जुलै, शुक्रवार

मार्गदर्शन नाही.

सदाशिवरावांना फोन केला. जिल्ह्याला टंचाईचा टेबल त्यांच्याकडे, आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. "आलं हो तुमचं पत्र. साहेबाच्या टेबलावर ठेवलं." टेबलावर ठेवलं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मीही ठेवतोच की लोकांचं.

मग पंचायत समितीत. बीडीओ म्हणतात, विहीर ग्रामपंचायतीची, बंद करायला आमची ना नाही. पण पर्यायी पाणी दिल्याशिवाय बंद करता येत नाही आणि टँकर महसूलचा. म्हटलं, महसूल म्हणजे आम्हीच, आणि आम्ही मार्गदर्शन मागवलंय. "मग येऊ द्या ना मार्गदर्शन!" वर चहा मागवला. बोलणं बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्त संताप आला. चहा न पिताच उठलो.

२६ जुलै, शनिवार

सुट्टी. साथ सोडून सगळ्यांना.

२८ जुलै, सोमवार

व्हीसी! साथीच्या नावानं. पडद्यावर चौकोनात चौकोन, प्रत्येकात एक साहेब. सकाळचा वेळ गेला तो "आवाज येतोय का?" यातच. मग आकडे. कोणी 'रुग्ण' म्हणतंय, कोणी 'संशयित', कोणी 'किरकोळ'. डॉ. प्रेरणा मध्येच म्हणाल्या, "मला कॉलऱ्याची शंका आहे." मग वरून आवाज आला — "तपासणी होईपर्यंत हा शब्द कोणीही वापरू नये. पेपरवाल्यांना 'पोटाचे विकार' सांगा." लगेच पुढचा विषय.

मी साहेबांच्या मागे उभा होतो. चिठ्ठी सरकवली, 'टँकर विचारा'. साहेबांनी विचारलं. पलीकडून — "पाऊस किती झालाय तुमच्याकडे?" साहेबांनी सांगितलं. कोणीतरी हसलंच! "एवढ्या पावसात टँकर? अहो, लोक काय म्हणतील? आणि तुमचं मार्गदर्शनाचं पत्र प्रक्रियेत आहे ना?" आहे म्हणे. प्रक्रियेत.

ठरलं काय, तर सर्व विभागांनी समन्वय ठेवावा. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'समन्वय' हा शब्द लिहिता लिहिता पेनानं कागद फाटला.

२९ जुलै, मंगळवार

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. पिण्यास योग्य!

मला वाटलं टायपिंगची चूक. डॉ. प्रेरणांना फोन लावला तर त्या रडकुंडीला आलेल्या. झालं असं — ग्रामसेवकाला कळलं की काल नमुना घेणार होते. गडी लगबगीनं सकाळीच जाऊन ब्लीचिंग पावडरची अख्खी गोणी विहिरीत ओतून आला. तपासणी येणार म्हटल्यावर आपण शाळेच्या भिंती नाही का रंगवत, तसं. एरवी महिनोन्‌महिने चिमूटभर टाकणार नाही. औषध टाकल्यावर जंतू मेले, मेलेल्या पाण्याचा नमुना गेला, नमुना पास झाला. दोन दिवसांत औषध उडालं की नाल्याचं पाणी पुन्हा झिरपणार.

ग्रामसेवकाला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो उलट मला — "साहेब, नमुना खराब आला असता तं तुमीच मले नोटीस देल्ली असती ना? आता चांगला आला तं शिव्या देऊन राह्यले! माणसानं कराव काय?"

नोटीस मीच लिहिली असती.

दुपारी बीडीओंनी अहवालाची प्रत पाठवून दिली, 'माहितीस्तव'. आता विहीर कागदावर शुद्ध आहे. समाजमंदिरात मात्र नवे चार जण आलेत.

३१ जुलै, गुरुवार

आज भांडलो. साहेबांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, सर, करून टाका सही. जे होईल ते होईल, मी आहे.

साहेब कितीतरी वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "राठोडजी, विचारलं नसतं तर केली असती. आता विचारून बसलोय. उत्तर यायच्या आधी सही केली आणि वरून 'नाही' आलं, तर ती चूक राहत नाही, आज्ञाभंग होतो. हे तुम्हीच शिकवलंत मला."

शिकवलं! शिकवलं ते ढाल करून माझ्याच पुढं धरलं. यांना काय, दोन वर्षांनी बदली घेऊन आपल्या गावाकडे जातील. यांची आई कुठं पिते ते पाणी? खरं सांगायचं तर या माणसात दम नाही. परीक्षा पास होणं वेगळं आणि खुर्चीत बसून जबाबदारी घेणं वेगळं. आमच्या जुन्या साहेबांच्या काळी असं नव्हतं... असंच होतं म्हणा. पण ते निदान ओरडायचे तरी. हा मेंगळट नुसता पेपरवेट फिरवतो.

स्मरणपत्र पाठवलं. कडक शब्दांत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

महसूल दिन. कचेरीला झेंडूच्या माळा, दारात रांगोळी, रांगोळीत तराजू काढलेला. जिल्ह्याला मोठा कार्यक्रम, म्हणून अख्खा आठवडा तिकडे फायली बंद आहेत असं कळलं. आमचं पत्र कुठं अडलंय ते समजलं — हारतुऱ्यांखाली.

आणि आमच्याकडे उत्कृष्ट कर्मचारी कोण? मी! नारळ, शाल, प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर छापलंय 'बिनचूक व नियमानुसार कामकाजाबद्दल'. टाळ्या वाजत होत्या तेव्हा खिशात फोन थरथरत होता. लखनचा. नंतर लावला — तांड्यातल्या दलपतची सून दवाखान्यात नेली, पोटुशी आहे.

शाल वर्षानं कपाटात ठेवली. मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, शालीवर कायचा राग?

३ ऑगस्ट, रविवार

सरकार गेलं खड्ड्यात म्हटलं आणि स्वतःच ट्रॅक्टरची टाकी ठरवली. पलीकडच्या गावातल्या एका कास्तकाराची, बोअर चांगला आहे त्याचा. पहिली खेप पोचली तेव्हा काय झुंबड! गुंड-हंडे, बादल्या, तेलाचे डबे. याडी सगळ्यांना रांगेत उभी करत होती, आवाज असा की हवालदार फिका पडावा. तिनंही हंडा भरला. जीव जरा खाली पडला.

दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टर नाल्याच्या उतारावर काळ्या मातीत रुतला तो रुतलाच. बैलजोड्या लावून काढला. मालक म्हणाला, "भाऊ, माफ करजा. दिवाळीपर्यंत या रस्त्यानं मी येत नाई." बाकी दोघा ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं, त्यांनी रस्त्याचं नाव ऐकताच नाही म्हटलं. सरकारी टँकर आला तर रस्त्यावर मुरूम टाकायचा आदेशही सोबत निघतो. आदेश निघाला तर!

५ ऑगस्ट, मंगळवार

सदाशिवरावांचा फोन, आनंदात. "तुमचं काम झालं समजा! साहेबानं पत्र पाह्यलं. म्हणे विषय धोरणात्मक हाय. म्हणून आमी वरते मार्गदर्शन मागतलं."

म्हणजे मार्गदर्शनासाठी मार्गदर्शन. मी पत्र पाठवलं ते एका ओळीच्या उत्तरासाठी, आता त्याची फाईल झाली आणि फाईल आणखी वरच्या जिन्यावर चढली. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं लोक म्हणतात तेव्हा मला राग यायचा. आज स्वतःच म्हणालो, मोठ्यांदा, सगळ्या शाखेसमोर. शिपाई हसला. साहेबांनी केबिनमधून मान वर करून पाहिलं आणि खाली घातली.

७ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस नवा रुग्ण नाही. ग्रामसेवक रोज पावडर टाकतोय म्हणे — माझ्या शिव्या कामी आल्या असाव्यात. लगेच वरून विचारणा, 'साथ आटोक्यात आल्याचा अहवाल तात्काळ सादर करावा'. हे पत्र मात्र एका दिवसात आलं! साहेबांनी मसुदा करायला सांगितलं. मी म्हटलं, मी करणार नाही. त्यांनी स्वतः लिहिला आणि 'आटोक्यात' खोडून 'सध्या कमी' केलं. तेवढं बरं केलं म्हणायचं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. तांड्यावर तीज पेरली. काल दिवसभर ओतला पाऊस, नाला पुन्हा भरून आला, तरी पोरी हंडे घेऊन गात विहिरीवर गेल्या. याडी सर्वांत पुढे. नवं लुगडं, कोपरापर्यंत चुडा, नायकाच्या दारात फेर धरून नाचली. या वयात!

पावडर संपलीय. ग्रामसेवकानं मागणी केलीय. मी लखनला दम भरला, तिला त्या विहिरीचं देऊ नको. तो म्हणाला, "मी नाई देत दादा, पण थे माया आयकते काय?"

११ ऑगस्ट, सोमवार

काल पहाटेपासून तिला सुरू झालं. लखननं मोटरसायकलवर मध्ये बसवून आणली, मागून त्याच्या बायकोनं धरलं होतं. नाल्याला पाणी म्हणून अँब्युलन्स या काठालाच थांबलेली. दुपारी यवतमाळ. डोळे खोल गेलेत, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. चुडा काढला, तो पिशवीत घालून माझ्याजवळ दिला.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला पण प्रयत्न करू. किडनीवर आलंय. बोलली थोडं. म्हणाली, टोपल्यांना पाणी घातलं का बघ.

देवा, तिला राहू दे. बाकी मी कोणाशी भांडणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

याडी गेली. सकाळी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही, पण न लिहिता डोकं फुटेल.

काल माती दिली. परत येताना धावजी नायक वाटेतच थांबला. कोणाला काही न विचारता बाभळीच्या काट्या तोडायला लावल्या आणि विहिरीवर चौफेर रचल्या. वरून स्वतः दोरखंड बांधला. एक बाई हंडा घेऊन आलेली, तिला म्हणाला, "जा. मायले मारलं या पाण्यानं." ती गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुया कागद मंग दे, बाबू." मीच त्याला म्हटलं होतं दोन दिवसांत आणतो.

आणि काल संध्याकाळीच टँकर आला. पावसात, मुरूम टाकून, तांड्याच्या तोंडापर्यंत! साहेबांनी सही केली. मार्गदर्शन आलेलं नाही, तरीही सही केली! मग ती काल झाली, ती मागच्या आठवड्यात का होऊ शकली नाही? माझ्या आईचा जीव गेल्यावरच पेनात शाई आली का? बैल गेला अन् झोपा केला. आधी करता आली असती तर ती आज ओसरीत बसून मला शिव्या देत असती. मला तिच्या शिव्या पाहिजेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

साहेब झेंडावंदन उरकून तांड्यावर आले. चपला दूर काढून बापाशेजारी जमिनीवर बसले. बानं चहा करायला लावला. मी उठून मागच्या अंगणात गेलो, ते जाईपर्यंत पुढं आलो नाही. जाताना मागे आले, म्हणाले, "राठोडजी, मला तुमच्याशी..." मी म्हटलं, सर, रजेचा अर्ज दिलाय. तेवढंच.

तीजेच्या टोपल्यांतले गहू बोटभर वर आलेत. पोरींनी गाणी अर्धीच म्हटली, पुढची त्यांना येत नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

तक्रार लिहिली. नाव घेऊन, तहसीलदारांविरुद्ध. आयुष्यात इतके मसुदे केले, पण इतका स्वच्छ एकही नाही. 'टँकर मंजुरीस अक्षम्य विलंब झाला असून, सदर विलंबामुळे माझ्या मातोश्रीसह नागरिकांच्या जीवितास... विलंबास जबाबदार असणारी व्यक्ती निश्चित करून तिच्यावर कारवाई व्हावी.' वर्षानं वाचली. म्हणाली, "त्या पोरानं पहिल्या दिवशी का नाही केली हो सही?" म्हटलं, भित्रा. तिनं कागद घडी घालून परत दिला. मला तिचा राग आला, उगाच.

स्वतः यवतमाळला नेऊन दिली. सदाशिवरावांनी पोच देताना चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाहा बरं, राठोडजी. एकदा देल्ली का वापस नाई घेता येत." म्हटलं, घ्यायची नाहीच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांकडून खुलासा मागवलाय. अख्ख्या कचेरीला कळलं. कोणी माझ्याशी नीट बोलत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत पाठीवर हात ठेवून जातात. साहेब तसेच — मान खाली. त्यांनी खुलाशासाठी फाईल मागितली, मी शिपायाच्या हातून पाठवली. लिहू दे काय लिहायचं ते. सगळं माझ्यावर ढकलेल, ठाऊक आहे मला. ढकलू दे, माझंही तोंड आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल तेरवी झाली. बाला घरी घेऊन आलो. तो आढेवेढे न घेता आला, याचंच जास्त वाईट वाटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सदाशिवरावांचा फोन. साहेबांचा खुलासा पोचला. "तुमच्या साहेबानं सारं सोतावर घेतलं, राठोडजी. लिहून देल्लं का मार्गदर्शन मागाचं मीच ठरवलं, कारकुनाचा संबंध नाई." पुढं म्हणाले — "अन् वरतूनबी उत्तर आलं आज. साथ असली का तहसीलदाराच्या सहीनंच टँकर लागते, तीस जून असो का एकतीस डिसेंबर. विचाराची गरजच नोती. हात दाखवून अवलक्षण! कोणं सांगतलं होतं हो विचाराले?"

मी फोन ठेवला.

बा बाहेर ओट्यावर बसलाय. आल्या-गेल्याला सांगतोय — माया पोरगा तिच्यासाठी कचेरीत लय भांडला.